चार्जिंगला लावताच हिरवा दिवा: टॉर्च चार्ज न होण्याची कारणं, सोप्यापासून अवघडापर्यंत

गावाकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. इथे घोळ नको म्हणून हातात धरायची ती टॉर्च आणि तिच्या पोटातला तो सेल, एवढं आधी ठरवून घेऊ. हे सगळं एका लिथियम सेलवर चालणाऱ्या, टाइप-सी पोर्ट असलेल्या जोरदार उजेडाच्या टॉर्चबद्दल आहे. रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला जाणारे, बिबट्याच्या भागात वस्तीवर राहणारे, रात्रीचे ट्रेक करणारे यांच्याकडे आता बहुधा हीच असते. भिंतीच्या सॉकेटात खोचायच्या दोन पिनांच्या टॉर्चचं शास्त्र वेगळं आहे, ते शेवटी.

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: 'चार्ज होत नाही, सेल गेला.' मग नवा सेल येतो, चार दिवस चालते, पुन्हा तेच. कारण बहुतेक वेळा सेल गेलेला नसतोच. वीज सेलपर्यंत पोचायच्या वाटेत कुठेतरी अडलेली असते, आणि नवा सेल घालताना झाकण उघडून घट्ट बसवलं जातं म्हणून ती वाट तात्पुरती मोकळी होते. म्हणून सेल बदलणं यादीत बरंच खाली ठेवलं आहे.

आधी लक्षण नीट बघा

दिव्याचा रंग टॉर्चनुसार थोडा बदलतो. काहींत भरल्यावर हिरव्याऐवजी निळा लागतो, सोबतचा कागद एकदा बघून घ्या. अर्थ मात्र सहसा असे:

- केबल लावली तरी दिवाच लागत नाही: ५ व्होल्ट टॉर्चपर्यंत आलेलेच नाहीत. अडॅप्टर, केबल किंवा पोर्ट.
- सेल रिकामा असूनही लावताच हिरवा: वीज आली, पण चार्जिंगच्या सर्किटला सेल दिसत नाही. झाकण, आटे, स्प्रिंग, टोकं.
- लाल-हिरवा लुकलुकतो: सेलशी संपर्क धड नाही, तुटतो-जुळतो.
- रात्रभर लालच: करंट फार कमी मिळतोय किंवा सेल थकलाय.
- हिरवा होतो, पण थोड्या वेळात उजेड ढेपाळतो किंवा पूर्ण जोरावर टाकताच टॉर्च बंद पडते: आता सेलवर संशय घ्यायला हरकत नाही.
- भरून ठेवलेली टॉर्च पंधरा दिवसांनी रिकामी: गळती. टॉर्चमध्ये किंवा सेलमध्ये.

एक लक्षण या यादीत मुद्दाम घेतलं नाही. सगळ्यात जास्त उजेडावर टाकल्यावर एक-दोन मिनिटांत उजेड उतरणं हा बिघाड नव्हे. एलईडी तापते, म्हणून सर्किट स्वतःहून करंट कमी करतं. खोक्यावर लिहिलेले हजारो ल्युमेन पहिल्या मिनिटापुरतेच असतात, हे विकणारा सांगत नाही एवढंच.

बिनखर्चाच्या तपासण्या

*केबल.* टॉर्चसोबत आलेली एका बाजूला चौकोनी यूएसबी-ए आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी अशी केबल शोधा आणि साध्या चौकोनी पोर्टच्या अडॅप्टरला लावा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली फोनची केबल सध्या बाजूला ठेवा. नव्या अडॅप्टरचा टाइप-सी पोर्ट समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय ५ व्होल्ट सोडत नाही. ओळख पटते ती उपकरणातल्या ५.१ किलो-ओहमच्या दोन छोट्या रेझिस्टरवरून. बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये हे रेझिस्टर बसवलेलेच नसतात, त्यामुळे अडॅप्टर ढिम्म राहतो आणि दोष टॉर्चला जातो. चौकोनी पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून तिथे तीच टॉर्च मुकाट चार्ज होते. तुमची टॉर्च अशी असेल तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. जुनी केबल जपून ठेवा, संपलं. दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल एका बाजूने लावली तर चालते आणि उलटी केली की नाही, असं होत असेल तर पोर्टमधली एखादी पिन मळलेली किंवा निसटलेली असू शकते.

६७ वॅटच्या फोन चार्जरने टॉर्च जळते ही भीती घालवून टाका. टॉर्चने जास्त व्होल्टेज मागितलंच नाही तर चार्जर ५ व्होल्टच देतो, आणि करंट किती ओढायचा ते टॉर्च ठरवते. जपायचं ते गोल पिनेच्या चार्जरला. तिथे एका सेलच्या टॉर्चचा ४.२ व्होल्टचा आणि ओळीने जोडलेल्या दोन सेलच्या टॉर्चचा ८.४ व्होल्टचा अडॅप्टर दिसायला सारखेच असतात. अदलाबदल झाली तर सर्किट जातं, कधी सेलही.

*मागचं झाकण.* 'लावताच हिरवा' या तक्रारीत सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं. पिशवीत टॉर्च चुकून लागू नये म्हणून झाकण पाव फेरा सैल करायची पद्धत आहे, आणि ती चांगलीही आहे. पण चार्जिंगचं सर्किट असतं पुढच्या डोक्यात. सेलचं ऋण टोक टेकतं मागच्या स्प्रिंगवर. तिथून परतीची वाट झाकणातून आणि टॉर्चच्या नळ्यातूनच डोक्याकडे जाते. झाकण सैल म्हणजे ती वाट तुटलेली. सर्किटला वाटतं सेलच नाही, आणि ते 'काम झालं' म्हणून हिरवा दिवा लावतं. झाकण शेवटपर्यंत घट्ट करा, मग केबल लावा.

बटण मागच्या झाकणात आणि पोर्ट पुढे अशी रचना असेल तर काही टॉर्चमध्ये बटण 'चालू' ठेवल्याशिवाय चार्जिंग होत नाही. कारण तेच, त्याच वाटेवर बटण येतं. कागदावर ही ओळ असते, कोणी वाचत नाही.

*कुलूप आणि चकती.* बाजूला बटण असलेल्या टॉर्चला बहुतेकदा बटणाचंच कुलूप असतं. काहींत चार वेळा दाबलं की लागतं, काहींत दाबून धरलं की. मुलांच्या हातात गेली की हमखास लागतं, आणि टॉर्च मेल्यासारखी वाटते. नवी टॉर्च असेल तर सेलच्या टोकाशी पारदर्शक किंवा पांढरी प्लॅस्टिकची चकती राहिली नाही ना, ते बघा.

*सेलची दिशा आणि टोक.* धन टोक कुठे, याची खूण नळ्याच्या आत असते. नवा सेल घातल्यावरच टॉर्च बंद झाली असेल तर टोकाचा आकार बघा. काही टॉर्चमध्ये उलटा सेल बसू नये म्हणून धन संपर्काभोवती प्लॅस्टिकचं कडं असतं. तिथे उंचवटा असलेलाच सेल टेकतो, सपाट टोकाचा अधांतरी राहतो. उंचवटा हवा म्हणून त्यावर कथलाचा थेंब टाकायला जाऊ नका. डाग देण्याच्या उष्णतेने सेलच्या आतलं सील आणि झडप खराब होते.

दहा मिनिटांची सफाई

लागेल ते एवढंच: सुती कापड, कान साफ करायच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लाकडी टूथपिक, खोडरबर आणि थोडं सिलिकॉन ग्रीस. सुरू करण्याआधी सेल बाहेर काढा.

झाकण उघडल्यावर आट्यांवर काळा, वंगणासारखा लेप दिसेल. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पूड, जुनं ग्रीस आणि फुफाटा यांचा तो गाळ असतो. तो कापडाने पुसा, पण खरी जागा आटे नव्हेत. बऱ्याच टॉर्चच्या आट्यांवर रंगाचा जो थर असतो तो वीज वाहू देत नाही, म्हणून तर झाकण थोडं सैल केलं की वाट तुटते. वीज जाते नळ्याच्या टोकाच्या गोल कडेतून, जिथला रंग काढून धातू उघडा ठेवलेला असतो. ती कड बोटाच्या पेराएवढीही रुंद नसते. ती अल्कोहोलने पुसून रुपयाच्या नव्या नाण्यासारखी चकचकीत दिसली पाहिजे. झाकणाच्या आत ती जिथे टेकते ती जागाही तशीच. काळपटपणा जात नसेल तर खोडरबर फिरवा. पॉलिश पेपर नको, त्याचे कण आत राहतात.

आता झाकणात डोकावा. स्प्रिंग बसलेली पट्टी एका पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या कड्याने आवळलेली असते, त्या कड्याला समोरासमोर दोन खाचा असतात. टॉर्च पडून-आपटून ते कडं सैल होतं, मग टॉर्च हलवली की उजेड फडफडतो आणि चार्जिंगचा दिवा लुकलुकतो. चिमट्याची दोन टोकं खाचांत घालून घड्याळाच्या दिशेने आवळा. क्वचित आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावू नका. सेल बदलून बदलून टॉर्च 'पुन्हा बिघडते' त्या बहुसंख्य वेळा दोषी निघतं ते हे कडं, नाहीतर मघाची कड.

ओ-रिंगला, म्हणजे आट्यांजवळ पाणी अडवायला बसवलेल्या रबरी कड्याला, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. बोट चकाकेल इतकंच, थापायचं नाही. खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरतं. व्हॅसलीन काही प्रकारच्या रबराला फुगवतं, आणि तुमच्या टॉर्चचं रबर कोणतं हे बाहेरून कळत नाही, म्हणून दोन्ही टाळलेलं बरं.

पोर्टमध्ये माती असेल तर टूथपिकने हलक्या हाताने उकरा. सुई, टाचणी घालू नका, मधली जीभ नाजूक असते. हिरवट थर दिसला तर ओल जाऊन तांबं गंजायला लागलंय. काडी अल्कोहोलमध्ये बुडवून दोन-तीनदा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हा प्रकार फार. पोर्टचं रबरी झाकण नीट दाबलेलं नसतं, आणि ओल्या पोर्टला ५ व्होल्ट लावले की गंज आणखी जोरात चढतो. भिजलेली टॉर्च झाकण उघडून, सेल काढून, पंख्याखाली दिवसभर ठेवा, मगच चार्जिंगला लावा. तांदळाच्या डब्यात पुरल्याने पोर्टमध्ये कोंडा तेवढा जातो.

मागे चुंबकाने चिकटणारी चार्जिंगची केबल असेल तर चुंबकावर लोखंडाचा बारीक कीस जमतो आणि दोन संपर्क आपसांत जोडले जातात. सेलोटेप चिकटवून ओढला की कीस निघून येतो.

दोन छोटी यंत्रं

इथून पुढे अंदाजाने काम होत नाही. यूएसबी मीटर आणि साधा मल्टिमीटर, दोन्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतात, आणि एका चांगल्या सेलच्या किमतीत दोन्ही बसू शकतात.

यूएसबी मीटर अडॅप्टर आणि केबलच्या मध्ये लावा. सेल रिकामा असताना पहिल्या तासात, टॉर्चच्या रचनेनुसार, १ ते २ अँपिअर दिसले तर चार्जिंग ठीक आहे. ५००० एमएएचचा (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) २१७०० सेल (२१ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर लांब) १ अँपिअरवर भरायला सहा तासांच्या आसपास लागतात. शेवटच्या टप्प्यात करंट हळूहळू उतरतो, तो बिघाड नव्हे: ४.२ व्होल्ट गाठल्यावर व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी करत नेणं हीच लिथियमची चार्जिंगची रीत आहे. आकडा ०.०० असेल तर वाट अजून तुटलेलीच, सफाईकडे परत जा. ०.१ अँपिअरवर रेंगाळत असेल तर सेल फार खाली गेलाय. स्वस्त टॉर्चमध्ये सर्रास असणारी टीपी४०५६ ही चिप सेल २.९ व्होल्टच्या खाली असेल तर पूर्ण करंटच्या साधारण आठव्या हिश्श्याने सुरुवात करते. अर्धा-पाऊण तास वाट बघा, आकडा वर चढायला हवा. मीटरवर व्होल्टेज चांगलं पण करंट कमी असेल तर दुसरी, जाड आणि आखूड केबल लावून बघा. बारीक तारेची दोन मीटरची केबल वाटेतच अर्धा व्होल्ट खाते.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. सेल बाहेर काढून तासभर निवांत पडू द्या, मग टोकांना लावा.

४.१५ ते ४.२० म्हणजे पूर्ण भरलेला. ३.६ ते ३.८ म्हणजे निम्म्याच्या आसपास. ३ ते ३.३ म्हणजे जवळपास रिकामा, पण धडधाकट. २.५ ते ३ असेल तर डोळ्यासमोर ठेवून कमी करंटवर चार्ज करा. २ च्या खाली गेलेला आणि तसाच महिनोनमहिने पडलेला सेल फेकायचाच. त्याच्या आत तांबं विरघळून भलत्या जागी बसलेलं असू शकतं, आणि असा सेल चार्ज होतानाच आतून शॉर्ट होतो. दुसऱ्या भरलेल्या सेलला तारेने जोडून त्याला 'धक्का' देण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. तो उद्योग करू नका.

शून्य दाखवला तर लगेच फेकू नका. सेलच्या बुडाशी संरक्षणाची पट्टी असेल तर तिने सर्किट तोडलेलं असू शकतं. असा सेल चांगल्या बाहेरच्या चार्जरमध्ये घातला की बहुतेकदा जागा होतो. जागा झाल्यावर २.५ च्या वर असेल तर वापरा.

गळती शोधायची असेल तर सेल पूर्ण भरून बाहेर काढा आणि चार दिवस कपाटात ठेवा. ४.१ च्या आसपास टिकला तर सेल निर्दोष, टॉर्चचं सर्किट चोरून करंट खातंय. वापरात नसताना झाकण पाव फेरा सैल ठेवणं हाच त्यावरचा कायमचा उपाय. बाहेर ठेवूनही ४ च्या खाली आला तर सेलच आतून गळतोय.

आता सेल बदला

पूर्ण जोरावर टाकताच बंद पडणारी टॉर्च दुसऱ्या, खात्रीच्या सेलवर चालली तर निर्णय झाला. नवा घेताना वजनकाट्यावर ठेवून घ्या. खरा १८६५० (१८ मिलिमीटर जाडीचा सेल) साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, २१७०० सत्तर ग्रॅमच्या आसपास. तीस-पस्तीस ग्रॅमचा भरला तर आत माल कमी आहे. १८६५० वर ९९०० एमएएच छापलेलं असेल तर ते खोटंच. या आकारात साधारण ३५०० पर्यंतचेच सेल सर्रास मिळतात. एमएएचपेक्षाही महत्त्वाचा आकडा सलग किती अँपिअर देऊ शकतो हा. जोरदार टॉर्च पूर्ण उजेडाला १० अँपिअर किंवा जास्तही ओढते. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेला सेल तिथे दम टाकतो. लांबीही मोजा. साधा १८६५० हा ६५ मिलिमीटरचा, पण संरक्षणाची पट्टी असलेला ६८ ते ७० पर्यंत जातो आणि झाकण पूर्ण बसत नाही. मग पुन्हा लावताच हिरवा.

एकापेक्षा जास्त सेलची टॉर्च असेल तर सगळे एकाच वेळी, एकाच कंपनीचे बदला. शेजारी-शेजारी (पॅरलल, धनाला धन आणि ऋणाला ऋण) जोडलेल्यांत एक भरलेला आणि एक रिकामा घातला तर भरलेला रिकाम्यात जोरात ओतायला लागतो आणि दोन्ही तापतात.

सेलचं रंगीत वेष्टन फाटलं असेल, विशेषतः धन टोकाच्या कडेला, तर तो टॉर्चमध्ये घालू नका. वेष्टनाखालचा अख्खा डबा ऋण असतो, आणि धन टोकापासून तो मिलिमीटर-दोन मिलिमीटरवरच असतो.

इथे थांबा

सेल फुगलाय, चेपलाय, नेलपॉलिशसारखा गोडसर वास येतोय, चार्जिंगला हात लावता येत नाही इतका तापतोय किंवा ४.२५ व्होल्टच्या वर दाखवतोय: यातलं एकही दिसलं तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा आणि पुढचे प्रयोग सोडा. फुसफुसायला लागला असेल तर उचलायला जाऊ नका, लांब व्हा. वीज तोडलेली असेल तर लांबून भरपूर पाणी मारून थंड करता येतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारी पत्र्याखाली किंवा उन्हातल्या गाडीत चार्जिंग लावूच नका, ४५ अंश ही बहुतेक लिथियम सेलची चार्जिंगची वरची मर्यादा आहे. बाद सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकला तर दाबयंत्रात पेट घेतो.

पोर्ट डगमगत असेल, सर्किट जळाल्याचा वास येत असेल किंवा सेल पट्ट्यांनी जोडून पक्के केलेले असतील तर ते काम गरम हवेचं डाग-यंत्र असलेल्या कारागिराचं आहे. वॉरंटी शिल्लक असेल तर डोकं उघडायच्या आधी तिकडे पाठवा.

दोन पिनांची टॉर्च

भिंतीत खोचायच्या स्वस्त टॉर्चमध्ये बहुधा ४ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असते, आणि तिच्या सवयी लिथियमच्या अगदी उलट. लिथियम सेल ठेवून द्यायचा तर निम्मा भरून ठेवावा. ही बॅटरी रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि ती परत येत नाही. वापरली की त्याच रात्री भरा, न वापरताही महिन्यातून एकदा भरा. पण दिवसच्या दिवस खोचून ठेवू नका. बहुतेकींत भरल्यावर थांबायची सोयच नसते, आतलं पाणी उडून बॅटरी सुकते. पूर्ण चार्ज करून तासाभराने ४ व्होल्टच्या वर टिकत नसेल तर बदला.

बदलायचं काम मात्र माहीतगाराकडे द्या. यात ट्रान्सफॉर्मर नसतो, एक कॅपॅसिटर करंट अडवतो एवढंच. चार्जिंगला लावलेली असताना आतल्या प्रत्येक तारेवर २३० व्होल्टचा धोका असतो, आणि पिना काढल्यावरही कॅपॅसिटर काही वेळ भरलेला राहतो. याच कारणाने चार्जिंगला लावलेली असताना ती हातात धरून वापरू नका.

कुठलीही टॉर्च दुरुस्तीला देताना नुसतं 'चार्ज होत नाही' सांगू नका. दिवा कोणत्या रंगाचा लागतो, मीटरवर किती अँपिअर दिसतात आणि सेल बाहेर काढून किती व्होल्ट भरतो, हे तिन्ही कागदावर लिहून टॉर्चला रबरबँडने बांधा. सेल ठीक असताना तो बदलून पैसे घेणाऱ्याला मग वाव उरत नाही.